स्मिथ : एका इंग्रजी आडनांवाची कुळकथा

इंग्रजी बोलणाऱ्या जगांत जीं आडनांवें वारंवार कानांवर पडतात त्यांत 'स्मिथ' या आडनांवाचा क्रम पहिला लागतो. इंग्लंडांत तें सर्वांत अधिक आढळतें, स्कॉटलंडांतहि तेंच. आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर स्मिथांची मोजदाद लाखांनीं करावी लागते. महाराष्ट्राच्या इतिहासालाहि हें नांव अपरिचित नाहीं. इ. स. १८१८ च्या फेब्रुवारी महिन्यांत अष्टीच्या रणांगणावर बापू गोखले धारातीर्थीं पडले, त्या दिवशीं समोरच्या इंग्रजी फौजेचा सेनापति लायोनेल स्मिथ हा होता. पुढच्याच वर्षीं अजिंठ्याच्या विस्मृत लेण्यांची वार्ता ज्याच्यामुळें बाहेरच्या जगास कळली, त्या मद्रास घोडदळाच्या अधिकाऱ्याचें नांव जॉन स्मिथ असें होतें. हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासावर ग्रंथ लिहिणारा व्हिन्सेंट स्मिथ विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांस ठाऊक होता. आणि संपत्तिशास्त्राचा आद्य आचार्य म्हणून ॲडॅम स्मिथचें नांव तर सर्वतोमुखी आहे.

एकाच आडनांवाचीं हीं चार माणसें. हीं सर्व एकाच मोठ्या घराण्यांतलीं असावींत, मागें कोठें तरी एक मूळ पुरुष होऊन गेला असावा आणि त्याचा वंश वडाच्या पारंब्यांप्रमाणें देशोदेशीं पसरला असावा, असें कोणासहि सहज वाटेल. परंतु या आडनांवाचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. स्मिथांचा मूळ पुरुष एक नाहीं. ते सहस्रावधि आहेत, ते निरनिराळ्या गांवीं, निरनिराळ्या शतकांत व निरनिराळ्या भाषा बोलत होऊन गेले, आणि त्यांपैकीं बहुतेकांस एकमेकांच्या अस्तित्वाची वार्ताहि नव्हती. एवढ्या परस्परभिन्न लोकांस एकच नांव कसें मिळालें, हें पाहूं गेलें असतां आडनांव म्हणजे काय, तें माणसाविषयीं कोणती गोष्ट सांगतें आणि कोणती सांगूं शकत नाहीं, याचाहि उलगडा होतो.

'स्मिथ' हा शब्द जुन्या इंग्रजी भाषेंतला असून त्याचा अर्थ धातूचें काम करणारा कारागीर, विशेषतः लोहार, असा आहे. जर्मन भाषेंतील 'श्मिट', डच भाषेंतील 'स्मित' आणि स्वीडिश भाषेंतील 'स्मेड' हे त्याचेच सहोदर होत. यावरून हा शब्द या भाषा एकमेकींपासून वेगळ्या होण्यापूर्वीचा, म्हणजे फारच पुरातन आहे, हें उघड होतें. 'प्रहार करणें' या अर्थाच्या 'स्माइट' या इंग्रजी क्रियापदापासून तो निघाला, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ति सांगण्यांत येते. ऐरणीवर घण घालणारा तो स्मिथ, हें ऐकावयास गोड लागतें खरें. परंतु भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ति मान्य करीत नाहींत. त्यांच्या मतें या शब्दाचें मूळ कोरणें, कापणें, धारदार हत्यारानें घडविणें अशा अर्थाच्या एका निराळ्याच धातूंत आहे. या शब्दापासून पुढें सामासिक आडनांवेंहि पुष्कळ झालीं. 'गोल्डस्मिथ' म्हणजे सोनार, 'ॲरोस्मिथ' म्हणजे बाणांचीं टोकें घडविणारा, 'शूस्मिथ' म्हणजे घोड्यांचे नाल करणारा, 'नेस्मिथ' म्हणजे सुऱ्या करणारा. 'सिक्सस्मिथ' हें आडनांव ऐकून 'सहा लोहार' असा अर्थ मनांत येतो; परंतु तेथें सहा या संख्येचा कांहीं संबंध नाहीं. विळा या अर्थाच्या 'सिकल' शब्दाचा तो अपभ्रंश असून विळे करणारा लोहार असा त्याचा खरा अर्थ आहे.

मध्ययुगीन खेड्यांत लोहारावांचून कोणाचेंच चालत नसे. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, घोड्याचा नाल, दाराची बिजागरी आणि खिळा, आणि युद्धाचा प्रसंग आल्यास भाल्याचें पातें, या सर्व वस्तु त्याच्याच भट्टींतून बाहेर पडत. वेसेक्सचा राजा इनी यानें सातव्या शतकाच्या अखेरीस कायद्यांची जी संहिता केली तींत एक बोधप्रद कलम आहे. एखादा सरदार आपलें ठाणें सोडून अन्यत्र राहावयास जाऊं लागला, तर त्यास आपल्याबरोबर तीन माणसें नेण्याची मुभा असावी, असें तें कलम सांगतें. तीं माणसें म्हणजे त्याचा कारभारी, त्याचा लोहार आणि त्याच्या मुलांची दाई. कारभार पाहणारा आणि मुलें वाढविणारी यांच्याच पंक्तीला लोहारास बसविलें होतें, यावरून त्या काळच्या समाजांत त्याची गरज किती होती याची कल्पना येते.

येथें एक कोडें उभें राहतें. खेड्यांत शेतकरी पुष्कळ, मजूर त्याहून पुष्कळ. लोहार मात्र एक, फार तर दोन. असें असतां इंग्लंडांत शेत नांगरणाऱ्याच्या धंद्यावरून पडलेलीं आडनांवें विरळ आणि लोहाराचें आडनांव सर्वांत विपुल, हें कसें? कित्येकजण याचें उत्तर असें देतात कीं, लोहाराची गरज गांवांत असल्यामुळें तो लढाईवर जात नसे, म्हणून त्याचा वंश टिकला आणि वाढला. हें उत्तर चतुर आहे. परंतु कोडें सोडविण्यास त्याची मुळींच गरज नाहीं. खरें उत्तर उपनांवाच्या प्रयोजनांतच आहे. उपनांव ठेवावयाचें तें एका माणसास दुसऱ्यापासून वेगळें ओळखतां यावें म्हणून. ज्या गांवांत शंभर शेतकरी आहेत तेथें 'शेतकरी जॉन' असें म्हटल्यानें कोणाचाच बोध होत नाहीं; 'लोहार जॉन' असें म्हटलें कीं, बोट नेमकें एका माणसाकडे जातें. लोहार आपल्या गांवांत एकटा होता, म्हणूनच त्याचा धंदा ही त्याची खूण झाली. आणि असे एकेकटे लोहार हजारों खेड्यांत आपापल्या भात्याशीं बसलेले होते. जें आडनांव पुढें सर्व देशांत अति सामान्य झालें, तें आरंभीं प्रत्येक गांवांत असामान्य होतें म्हणूनच झालें.

महाराष्ट्रीय वाचकांस हें तत्त्व समजावयास 'कुलकर्णी' या आडनांवाचें उदाहरण पुरेसें आहे. गांवचें दप्तर सांभाळणारा कुलकर्णी गांवांत एक, म्हणून तें नांव ओळखीचें साधन झालें. गांवें असंख्य, म्हणून कुलकर्णी असंख्य. सर्व कुलकर्णी एका गोत्राचे किंवा एका शाखेचे नसतात हें येथें कोणास सांगावें लागत नाहीं. स्मिथांची गोष्ट अगदीं तशीच आहे. मात्र गोत्राची खूण तिकडे नसल्यामुळें हा भेद तेथील लोकांच्या लवकर ध्यानांत येत नाहीं.

परंतु बोलण्यांतलें उपनांव आणि वंशपरंपरेनें चालणारें आडनांव यांत मोठें अंतर आहे. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्यापूर्वी तेथील सामान्य माणसास एकच नांव असे. त्याच्या जोडीला क्वचित् धंद्याचें वा गांवाचें विशेषण लागे. डरहम परगण्यांतील ९७५ च्या सुमाराच्या एका नोंदींत 'स्मिथ' हें विशेषण असलेला एक माणूस आढळतो. नॉर्मन राज्यांत दोन गोष्टी घडल्या. पहिली ही कीं, जुनीं विविध सॅक्सन नांवें मागें पडून जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, टॉमस अशा मोजक्याच नांवांचा प्रसार झाला. त्यामुळें एकाच गांवांत एकाच नांवाचीं दहा-दहा माणसें होऊं लागलीं. दुसरी ही कीं, राज्यकारभार लेखणीच्या बळावर चालूं लागला. जमिनीची मोजणी, वारसा, दंड, कर या सर्वांच्या याद्या होऊं लागल्या. आणि यादी करणाऱ्या कारकुनास 'जॉन' एवढ्यानें भागेना. 'कोणता जॉन?' या त्याच्या प्रश्नास जें उत्तर मिळे तें तो नांवापुढें लिही. टेकडीजवळ राहणारा तो हिल, विल्यमचा मुलगा तो विल्यमसन, तपकिरी केसांचा वा वर्णाचा तो ब्राउन, आणि भट्टी चालविणारा तो स्मिथ.

हे कारकून पुष्कळदां लॅटिन किंवा फ्रेंच भाषेंत लिहीत. त्यामुळें जुन्या कागदांत हाच लोहार कोठें 'फाबेर' या लॅटिन नांवानें, तर कोठें 'ले फेव्र' या फ्रेंच नांवानें अवतीर्ण होतो. त्याचे शेजारी त्यास तोंडानें स्मिथच म्हणत असत. कागदावरची भाषा इंग्रजी झाली तेव्हां यांतील अनेक नांवें पुनः स्मिथ झालीं; कांहीं मात्र आपल्या परकी वेषांतच राहिलीं.

आडनांव वंशपरंपरागत केव्हां झालें याची कसोटी सोपी आहे. ज्या दिवशीं 'स्मिथ' नांवाचा माणूस लोहारकाम न करतांहि स्मिथच राहिला, त्या दिवशीं उपनांवाचें आडनांव झालें. इ. स. १३७७, १३७९ आणि १३८१ या सालीं इंग्लंडांत माणशीं कर बसविण्यांत आला; याच करांतील शेवटच्याच्या जाचामुळें १३८१ चें शेतकऱ्यांचें प्रसिद्ध बंड उद्भवलें. त्या करासाठीं केलेल्या ज्या याद्या अवशिष्ट आहेत, त्यांत, विशेषतः यॉर्कशरच्या १३७९ च्या यादींत, माणसाच्या नांवापुढें त्याचा धंदाहि लिहिलेला आढळतो. आणि नांव एका धंद्याचें व प्रत्यक्ष काम दुसऱ्याच धंद्याचें, अशीं माणसें तींत दिसूं लागतात. धंदा बापाबरोबर गेला. नांव मुलाकडे राहिलें. हें स्थित्यंतर एका दिवसांत झालें नाहीं. सरदार घराण्यांत तें आधीं, शहरांत त्यानंतर आणि खेड्यांत सर्वांत शेवटीं झालें. दक्षिणेकडे लवकर झालें, उत्तरेकडे सावकाश झालें. सामान्यतः १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांस कायमचें आडनांव मिळालें होतें असें मानतात. पुढें १५३८ मध्यें आठव्या हेन्रीचा प्रधान टॉमस क्रॉम्वेल यानें प्रत्येक चर्चच्या हद्दींतील बाप्तिस्मे, विवाह आणि दफनें यांची वही ठेवण्याचा हुकूम सोडला, आणि बापाचें आडनांव मुलाच्या नांवाशीं कागदावर पक्कें बांधलें गेलें.

आडनांवें स्थिर झालीं, पण माणूस ओळखण्याची अडचण संपली नाहीं. १४१३ च्या एका कायद्यानेंच याची साक्ष दिली आहे. न्यायालयाच्या कागदांत प्रतिवादीच्या नांवाबरोबर त्याचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचें ठिकाण लिहिलेंच पाहिजे, असा नियम त्या कायद्यानें घालून दिला. म्हणजे ओळख पटावी म्हणून निर्माण झालेलें आडनांव कायम होतांच ओळखीस अपुरें पडूं लागलें, आणि त्याच्यापुढें दुसरें विशेषण जोडण्याची पाळी आली.

स्मिथांची पहिली मोठी शिरगणति एकोणिसाव्या शतकांत झाली. इंग्लंड व वेल्समध्यें जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १८३७ पासून सुरू झाली होती. त्या खात्याच्या १८५३ सालच्या अहवालांत प्रमुख आडनांवांचा अंदाज दिला आहे. त्यांत स्मिथ पहिले, त्यांची संख्या सुमारें २,५३,६००. दुसरे जोन्स, सुमारें २,४२,१००. दर ७३ माणसांमागें एक स्मिथ असें हें प्रमाण पडतें. एकविसाव्या शतकांत ब्रिटनमधील स्मिथांची संख्या पांच लाखांहून अधिक झालेली आहे. परंतु हा प्रसार सर्वत्र सारखा नाहीं. वेल्समध्यें बापाच्या नांवावरून आडनांव घेण्याची चाल दीर्घकाळ टिकल्यामुळें तेथें जोन्स, डेव्हिस, विल्यम्स यांचें राज्य आहे. कॉर्नवॉल या नैर्ऋत्येकडील टोंकाच्या प्रांतांत पूर्वी निराळी भाषा होती. तेथील लोहार 'अँगोव्ह' झाला. १४९७ मध्यें राजाच्या करांविरुद्ध कॉर्नवॉलचे हजारों लोक लंडनवर चालून गेले, त्यांच्या पुढाऱ्यांपैकीं एक मायकेल जोसेफ हा लोहार असून 'अन गॉफ', म्हणजे 'लोहार', याच नांवानें तो आजहि तेथें स्मरला जातो. त्यास लंडनांत देहान्त शासन झालें.

आतांपर्यंत सांगितलेले स्मिथ हे लोहाराचे वंशज तरी होते. परंतु या नदीस पुढें असे अनेक ओढे येऊन मिळाले कीं, त्यांचा उगम इंग्रज लोहाराच्या भट्टींत मुळींच नव्हता. त्यांतला पहिला आयर्लंडचा. १४६५ मध्यें इंग्रजी सत्तेखालच्या आयरिश लोकांसाठीं एक कायदा झाला. डब्लिन, मीथ, लाउथ व किल्डेर या परगण्यांत राहणाऱ्या आयरिश माणसानें इंग्रजी वेष करावा आणि इंग्रजी आडनांव घ्यावें. तें एखाद्या गांवाचें असावें, रंगाचें असावें, हुद्द्याचें असावें, किंवा स्मिथ, कार्पेंटर अशा एखाद्या धंद्याचें असावें, असें त्या कायद्याचें फर्मान होतें. आयरिश भाषेंत 'लोहाराचा पुत्र' या अर्थाचें 'मॅकगॉवन' हें जुनें कुलनाम आहे. पुढील शतकांत इंग्रजी सत्तेचा आणि भाषेचा दाब जसजसा वाढला तसतसे हे लोक, विशेषतः कॅव्हन परगण्यांतले, आपल्या नांवाचें भाषांतर करून स्मिथ झाले. अर्थ राहिला, पण ज्या ध्वनीनें त्यांचे पूर्वज एकमेकांस हांक मारीत तो ध्वनि गेला. माणसाच्या ओठांवरून त्याचें नांव काढून घेणें हा जिंकलेल्या लोकांस आपलेंसें करण्याचा जेत्यांचा जुना उपाय आहे. आयर्लंडच्या स्मिथांत त्याचा पुरावा जिवंत राहिला आहे.

दुसरा ओढा भटक्या रोमानी लोकांचा. यांची भाषा हिंदुस्थानांतील आर्य भाषांच्या कुळांतली असून त्यांचे पूर्वज अनेक शतकांपूर्वी याच देशांतून पश्चिमेकडे गेले, हें भाषेच्या पुराव्यानें सिद्ध झालें आहे. इंग्लंडांत त्यांच्यांतील एका कुळाचें नांव 'पेटुलेंग्रो', म्हणजे घोड्याचे नाल करणारा, असें होतें. बाहेरच्या समाजाशीं व्यवहार करतांना तें कूळ स्मिथ म्हणवून घेई. जॉर्ज बॉरो या लेखकाच्या १८५१ च्या 'लाव्हेंग्रो' या पुस्तकांतील जास्पर पेटुलेंग्रो हें पात्र ज्याच्यावरून घेतलें आहे, त्या रोमानी गृहस्थाचें व्यवहारांतील नांव अँब्रोझ स्मिथ असें होतें. घरांत एक नांव आणि बाजारांत दुसरें, अशी ही दुहेरी व्यवस्था होती.

सर्वांत मोठा संगम अमेरिकेंत झाला. तेथें इंग्रज स्मिथ गेले, आयरिश स्मिथ गेले आणि जर्मनींतून श्मिटहि गेले. १९१७ मध्यें अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धांत उतरली तेव्हां जर्मन नांव हेंच संशयास कारण होऊं लागलें, आणि पुष्कळ श्मिट स्मिथ झाले. त्याच वर्षीं इंग्लंडच्या राजघराण्यानेंहि आपलें जर्मन नांव टाकून 'विंडसर' हें नांव धारण केलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे सामान्य माणसावर त्या वेळीं केवढें दडपण असेल याची कल्पना येईल. न्यूयॉर्कच्या बंदरांतील एलिस बेटावर सरकारी कारकुनांनीं परदेशी लोकांचीं नांवें मनास येतील तशीं बदललीं, अशी एक आख्यायिका फार प्रचलित आहे. परंतु ते कारकून जहाजावरून आलेल्या याद्यांशीं नांवें ताडून पाहत असत. नांवें बदललीं तीं बहुधा त्या लोकांनीं स्वतःच, पुढें नोकरी, व्यापार आणि शेजारधर्म यांच्या सोयीसाठीं बदललीं.

या संगमाचा जो एक भाग आहे तो दुःखद आहे. आफ्रिकेंतून धरून नेलेल्या गुलामांचीं मूळ नांवें हिरावून घेतलीं गेलीं होतीं, आणि गुलामगिरीचा कायदा त्यांच्या आडनांवास ओळखत नव्हता. मालमत्तेच्या यादींत त्यांचें एकेरी नांव, वय आणि किंमत एवढेंच लिहीत. १८६५ मध्यें गुलामगिरी नष्ट झाल्यावर या लोकांनीं उघडपणें आडनांवें लावलीं. कोणीं पूर्वीच्या धन्याचें नांव घेतलें, कोणीं तें मुद्दाम टाळून दुसरें पत्करलें, आणि कोणीं धन्यास न सांगतां कुटुंबांत जपून ठेवलेलें नांव आतां चारचौघांत उच्चारलें. २०१० च्या अमेरिकन जनगणनेंत स्मिथ आडनांवाचीं २४,४२,९७७ माणसें आढळलीं. त्यांत कृष्णवर्णीयांचें प्रमाण सुमारें २३ टक्के होतें. या लाखों स्मिथांच्या पूर्वजांपैकीं किती लोहार होते हा प्रश्नच गैरलागू आहे. त्यांचें नांव त्यांच्या पूर्वजांच्या धंद्याची साक्ष देत नाहीं. कोणा दुसऱ्याच्या पूर्वजाच्या धंद्याची देतें.

आडनांव सारखें म्हणून रक्त सारखें, ही समजूत कितपत खरी आहे याची परीक्षा आतां शास्त्रानेंहि केली आहे. पुरुषाच्या शरीरांत 'वाय' नांवाचें एक गुणसूत्र असतें. तें बापाकडून मुलाकडे येतें. आडनांवहि त्याच वाटेनें येत असल्यामुळें दोहोंचा मेळ बसतो कीं नाहीं हें ताडून पाहतां येतें. लेस्टर विद्यापीठांतील टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनीं ४० आडनांवांच्या १,६७८ पुरुषांची अशी तपासणी करून आपले निष्कर्ष २००९ मध्यें प्रसिद्ध केले. 'ॲटनबरो' यासारख्या विरळ आडनांवाच्या पुरुषांत बहुसंख्य लोक एकाच मूळ पुरुषाचे वंशज दिसून आले. स्मिथांत मात्र, वाटेल त्या आडनांवांचे पुरुष रस्त्यांतून गोळा करावेत, त्यांच्याहून अधिक नातें दिसून आलें नाहीं. जुन्या कागदांवरून इतिहासकारांनीं जें अनुमान केलें होतें त्यावर प्रयोगशाळेनें शिक्कामोर्तब केलें.

इतकें सामान्य झालेलें नांव ओळख पटविण्यास निरुपयोगी ठरावें यांत नवल नाहीं. कांहीं घराण्यांनीं जुन्या हस्तलिखितांतील 'स्मिथ'चें निराळें वर्णलेखन जपून ठेवलें, आणि 'स्माइथ' असा निराळा उच्चारहि रूढ केला. कांहींनीं दोन आडनांवें जोडलीं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांतील भिंतीवर त्या घोडदळाच्या अधिकाऱ्यानें जें नांव कोरून ठेवलें आहे तें याच दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. प्राचीन चित्रावर आपलें नांव कोरणें हा अपराधच होय. परंतु 'जॉन स्मिथ' एवढ्यानें आपण कोण हें कळणार नाहीं, हें त्यासहि ठाऊक असावें. त्यानें आपल्या २८ व्या पलटणीचा उल्लेख केला आणि २८ एप्रिल १८१९ ही मितीहि घातली. चारशें वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यास जें हवें होतें तेंच येथें पुनः झालें : नांवाच्या सोबतीला हुद्दा.

ज्यास ओळख लपवावयाची आहे त्यास मात्र याहून सोईचें नांव नाहीं. १८४८ च्या फेब्रुवारींत पॅरिसमध्यें राज्यक्रांति झाली आणि फ्रान्सचा राजा लुई फिलिप यास पळ काढावा लागला. पराक्रमी राजांचीं नांवें धारण करणाऱ्या घराण्यांतला हा पुरुष इंग्लंडच्या किनाऱ्यास लागला तो 'मिस्टर स्मिथ' या नांवानें. राजमुकुट गेल्यावर त्यास जगांतील सर्वांत निनांवी नांवाचा आसरा घ्यावासा वाटला.

याच्या उलट, एका माणसानें हेंच नांव अमर केलें. ह्यू स्मिथसन या इंग्रज सरदारानें श्रीमंत व प्राचीन घराण्याचा वारसा मिळतांच १७५० मध्यें, 'लोहाराचा पुत्र' या अर्थाचें आपलें आडनांव टाकून 'पर्सी' हें खानदानी नांव धारण केलें. पुढें तो नॉर्दम्बरलंडचा ड्यूक झाला. त्याचा एक अनौरस पुत्र जेम्स हा आईच्या नांवानें वाढला. बापाची पदवी वा मालमत्ता त्यास मिळणें शक्य नव्हतें. हा जेम्स रसायनशास्त्रज्ञ झाला, आणि आईच्या मृत्यूनंतर, १८०० च्या सुमारास, त्यानें बापानें टाकून दिलेलें 'स्मिथसन' हेंच नांव लावलें. १८२९ मध्यें तो निवर्तला. आपला पुतण्या निःसंतान मेल्यास सर्व संपत्ति अमेरिकन संस्थानांस जावी आणि तींतून ज्ञानवृद्धि व ज्ञानप्रसार यांसाठीं वॉशिंग्टन येथें आपल्या नांवाची संस्था काढावी, असें त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेवलें होतें. ज्या देशांत त्यानें कधींहि पाऊल ठेवलें नव्हतें, तेथें १८४६ मध्यें 'स्मिथसोनियन' ही संस्था स्थापन झाली. ड्यूकचें नांव आज इतिहासाच्या अभ्यासकांस तेवढें ठाऊक आहे. त्यानें टाकलेलें नांव जगांतील सर्वांत मोठ्या संग्रहालय-समूहावर कोरलेलें आहे.

लोहाराचें आडनांव ही इंग्रजांचीच मिरास आहे असें मात्र समजूं नये. पोलंडचा कोवाल्स्की, रशियाचा कुझनेत्सोव्ह, हंगेरीचा कोव्हाच, इटलीचा फेरारी, फ्रान्सचा लेफेव्र आणि अरबांचा हद्दाद हे सर्व एकाच धंद्याचे वारस आहेत. आणि आपापल्या देशांत यांपैकीं बहुतेक नांवें विपुल आहेत. जेथें जेथें नांगराच्या फाळास लोखंड लागलें तेथें तेथें गांवांत एक ओळखीचा माणूस भात्याशीं बसला होता. या आडनांवांच्या संख्येंतहि पालट होत असतो. न्यूझीलंडमध्यें नवजात अर्भकांच्या नोंदींत अलीकडच्या कांहीं वर्षांत 'सिंग' हें नांव स्मिथच्या पुढें गेलेलें आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेंत पहिल्या दहा आडनांवांत गार्सिया, रॉड्रिग्ज व मार्टिनेझ हीं तीन स्पॅनिश आडनांवें होतीं. माणसें चालूं लागलीं म्हणजे नांवेंहि चालूं लागतात.

स्मिथ या आडनांवाच्या कुळकथेचें तात्पर्य एवढेंच कीं, आडनांव हें रक्ताचें प्रमाणपत्र नव्हे. तें एका क्षणाचा दाखला आहे. कोणत्या तरी शतकांत, कोणत्या तरी कारकुनानें वा जेत्यानें वा स्वतः त्या माणसानेंच, अनेक शक्य नांवांपैकीं एक निवडून कागदावर उतरविलें, तो हा क्षण होय. त्यापूर्वीची पिढ्यान्पिढ्यांची हकीकत त्यांत सांपडत नाहीं, आणि आईच्या बाजूचे सर्व पूर्वज तर त्यांतून समूळ वगळलेले असतात. म्हणून आडनांवावरून माणसाची जात, त्याची योग्यता वा त्याचें नातें ठरवूं पाहणारा मनुष्य 'सिक्सस्मिथ' या नांवांत सहा लोहार मोजीत बसणाऱ्याइतकाच फसतो. नांवाचा अभिमान धरण्यास हरकत नाहीं. पण तो धरतांना एवढें स्मरण असावें कीं, ज्याच्यामुळें तें नांव रूढ झालें, तो बहुधा कोणी राजा वा सरदार नव्हता. तो आपल्या गांवाचें काम चोख करणारा, आणि म्हणूनच सर्वांस ठाऊक असलेला, एक कारागीर होता.